साडेतीनशे रुपयांचं कार्ड

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोला सांगितली नाही, मुलांना नाही. पद्मालयाला गणपतीपुढे हात जोडले, तेव्हा बाकी सगळं बोललो आणि हे तेवढं गिळलं. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये. तरी सांगतो. मधे अडखळलो तर अडखळू द्या.

आधी मी कोण ते सांगायला हवं — नाहीतर पुढचं तुम्हाला पटणार नाही. मी धुळ्यात जुन्या ट्रॅक्टरांची दलाली करायचो. त्याआधी बैलांची. एरंडोलकडच्या एका खेड्यातून आलो तेव्हा बैलबाजारात दुसऱ्यांच्या बैलांचे कासरे धरून उभा राहायचो, दिवसभर, दोन भाकरींवर. तिथून वर आलो तो स्वतःच्या जिभेवर. भाव करणं मला कोणी शिकवलं नाही. समोरच्याने सांगितलेली किंमत मी मुकाट्याने दिली, असं कधी घडलं नाही. लग्नात बँडवाल्याशी इतका वेळ घासाघीस केली की मुहूर्त टळायची वेळ आली. आणि डोकं तापलं की मी मागेपुढे बघत नाही, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. काहीजण तर मुद्दाम तापवायचे.

आता आमच्या धंद्याची एक रीत. बैल गेले, ट्रॅक्टर आले, पण रीत तीच राहिली. भाव तोंडाने बोलायचा नाही. घेणाऱ्याचा दलाल आणि विकणाऱ्याचा दलाल समोरासमोर उभे राहतात, हातावर खांद्यावरचा मोठा बागायती रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात. इतकी बोटं दाबली म्हणजे इतके हजार. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा फक्त त्या दोन हातांना कळतो. रुमालाखाली जे झालं त्याचा साक्षीदार नसतो, कागद नसतो. म्हणून तिथे खोटेपणा चालत नाही. ज्याच्या हातात बाजार हात देतो तो दलाल. ज्याला हात मिळत नाही, त्याने घरी जावं. त्याला कोणी काढून टाकत नाही, भांडत नाही, नुसता हात देत नाही. एवढ्यावर माणूस संपतो.

हे नीट लक्षात घ्या. सगळं इथेच आहे.

भिकन आणि मी एकाच गावचे. कासरे धरायला आम्ही बरोबरच आलो. तो देवपूरला राहायचा, पांझरा नदीपलीकडे, दोन खोल्यांत. माझ्याइतका पैसा त्याने कधी केला नाही — पण लोक त्याच्या हातात हात द्यायला उभे राहायचे. माझ्याशी व्यवहार करायचे, विश्वास त्याच्यावर टाकायचे. हे मला फार दिवस टोचत होतं. त्यातच आमच्याच तालुक्यातली एक मोठी गिऱ्हाईक पार्टी, जिला मी दोन वर्षं चहा पाजून सांभाळलं होतं, ती एका सकाळी सरळ त्याच्याकडे गेली. त्याने बोलावलं नव्हतं. मला ते माहीत होतं. माहीत असून काय होतं?

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मोबाईल नुकते आले होते. जळगावला एका डीलरकडून मी फोन घेतला. आमच्या बाजारात पहिला. धुळ्यातही तेव्हा सिग्नल लागायला लागला होता, पण काही अडलं तर जळगावच गाठावं लागे. आणि त्या वेळी आलेल्या फोनलाही पैसे पडायचे, हे आता कोणाला खरं वाटत नाही. दुसरा बोलणार आणि भरणार मी! घड्याळाकडे बघत मी बोलायचो. बोलायचो कसला, हाकलायचो. भिकन हसायचा.

"लोटनभाऊ, तुना फोन वाजना का तुनंच तोंड उतरस!"

सगळे हसायचे. मीही हसायचो. आतून नाही.

शिवाय ज्याला त्याला माझा फोन हवा असायचा. "एकच मिनिट, साल्याला विचारतो." म्हणून मी युक्ती काढली. बाजारात पोचलो की कार्ड काढून घ्यायचो. शर्टाच्या बाहीची घडी दुमडलेली असायची, तिच्यात नखाएवढं ते सिमकार्ड सरकवायचं. कोणी फोन मागितला की देऊन टाकायचा. घे बाबा, लाव. यात कार्डच नाही. माझ्या या हुशारीवर मी खूश होतो. काम असलं की चहाच्या टपरीमागे जाऊन कार्ड घालायचो आणि बोलून झालं की पुन्हा बाहेर.

त्या दिवशी दुपारच्या आधी कार्ड घालायला गेलो — घडीत नाही. दुसरी बाही बघितली. खिसे, चपला, टपरीखालची माती. नाही. लगेच एसटीडी बूथवरून जळगावला डीलरला फोन लावला.

"नवीन कार्डाचे साडेतीनशे लागतील," तो म्हणाला.

मी ओरडलोच. फोन विकत घेतला तेव्हा पैसे, बोललो की पैसे, ऐकलं की पैसे, आणि आता नखाएवढ्या तुकड्याला साडेतीनशे? नंबर माझा, पैसे माझे, तुमचं काय जातं? आजही सांगतो, तो दरोडाच होता. त्या बाबतीत मी चुकलो नव्हतो. बूथमध्ये मीटर पळत होतं आणि मी भांडत होतो. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "शेठ, हरवलं तर पैसे लागतात. चोरीला गेलं असेल तर पोलिसांची पोच आणा, मालकांना सांगून माफ करून घेऊ."

बस. एवढंच मला हवं होतं. भाव फुटला होता.

साडेतीनशे रुपये माझ्याकडे नव्हते का? त्या सकाळी एका सौद्यात त्याच्या कितीतरी पट कमावले होते. पोचेसाठी जमादाराला चहापाणी दिलं, जळगावचं जाण्या-येण्याचं भाडं दिलं, ते धरलं तर वाचलं काय? पण प्रश्न पैशाचा नव्हता — असं म्हणून मी सुटू बघतोय. पैशाचाही होता. आणि हरण्याचा होता.

चौकीत जमादार जेवणाच्या तयारीत होता.

"हरवलं म्हणता की चोरलं म्हणता?"

"चोरलं."

"कोणी?"

"ते शोधणं तुमचं काम."

"मग आम्ही शोधू, सावकाश. आज पाहिजे असेल तर हरवल्याचा दाखला देतो. चोरीची पोच पाहिजे तर संशय सांगा, शेठ. नाव नाही तर चोरी कसली?"

मला आठवतंय, भिंतीवर पाल होती आणि मी तिच्याकडे बघत होतो. हा एक भाव होता — कळतंय ना? एका नावाला साडेतीनशे. मी आयुष्यभर भाव केले, आणि नेमका तिथे, जिथे उठून यायचं होतं तिथे, मी सौदा तोडला नाही.

भिकनचं नाव सांगितलं. नुसतं नाव नाही. सांगितलं की सकाळी एका ट्रॅक्टरच्या सौद्यात रुमालाखाली आमचे हात एकत्र होते, कार्ड माझ्या बाहीत होतं, आणि त्यानंतरच ते गेलं. हात होते, हे खरं. कार्ड बाहीत होतं, असं मला वाटत होतं. त्याने घेतलं, असं मला वाटत होतं का? थोडं वाटत होतं. लागेल तेवढं वाटून घेतलं.

पोच घेऊन मी जळगावची गाडी पकडली. निघताना मागे वळून बघितलं तर एक हवालदार बाजाराकडे चालला होता. ऊन फार होतं म्हणून तो सावलीसावलीने जात होता. अजून धावत जाऊन त्याला थांबवता आलं असतं. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. एरंडोलच्या स्टँडवर खिडकीशी पेरूवाली आली. तिच्याशीही मी भाव केला.

डीलरच्या दुकानात पंखा होता आणि काउंटरवरच्या माणसाने त्या उकाड्यातही टाय बांधला होता. पोच बघितली, मालकाशी आत जाऊन बोलला, बाहेर येऊन म्हणाला, "झालं माफ. इथे वाचून सही करा."

वाचायला मला चष्मा लागायचा. खिशातून चष्म्याची डबी काढली, उघडली. आत मखमलीचं लाल अस्तर होतं. चष्मा उचलला, आणि त्याच्या खाली, अस्तराला चिकटून, कार्ड होतं.

माझं कार्ड.

सगळं एकदम आठवलं. सकाळी एका ट्रॅक्टरचे कागद वाचत होतो, चष्मा डोळ्यावर होता, तेवढ्यात कोणीतरी फोन मागितला, मी घाईने कार्ड काढलं आणि हाताशी डबी होती तिच्यात टाकलं. मग चष्माही वर ठेवून दिला. बाहीपर्यंत हात गेलाच नव्हता.

आता मला सांगायचंय ते इथे येतं. इथपर्यंत मी चुकलो होतो, रागावलो होतो, लोभात पडलो होतो — माणूस पडतो. इथपासून पुढे मला सगळं ठाऊक होतं.

मी डबी खटकन मिटली. चष्मा आतच राहिला.

"चष्मा घरी राहिला वाटतं," मी म्हणालो. "कुठे करू सही?"

त्याने बोट ठेवलं तिथे सही केली. त्याने नवीन कार्ड फोनमध्ये घातलं, बटणं दाबली, आणि फोन माझ्या हातात दिला. "एक फोन लावून बघा, शेठ. कुठेही लावा. हा आमच्याकडून."

चौकीचा नंबर माझ्याकडे होता. पोचेच्या कागदावर वरतीच छापलेला होता, इतका मोठा की चष्म्याशिवायही दिसत होता. एक वाक्य पुरलं असतं. कार्ड सापडलं, माणसाला सोडा. पण मग हा टायवाला काय म्हणेल? काढा साडेतीनशे, म्हणेल. जमादार काय म्हणेल? खोटी तक्रार दिली म्हणून मलाच बसवेल का? आणि बाजार — बाजार काय म्हणेल, लोटनने रुमालाखालच्या हातावर खोटा आळ घेतला?

मी घरी फोन लावला. बायकोने उचलला. "चालू झाला," मी म्हणालो. ती म्हणाली, "काय चालू झाला?" मी म्हणालो, "फोन," आणि ठेवून दिला.

त्या वेळी भिकन चौकीतल्या बाकावर बसलेला होता. हे मला नंतर कळलं, पण तेव्हाही माहीत होतंच की. त्याची टोपी आणि रुमाल काढून टेबलावर ठेवले होते. खिसे उलटे करून झाले होते. मग त्याला घेऊन देवपूरला गेले, घरातले पिठाचे आणि डाळीचे डबे ओतून बघितले, आणि तेवढा वेळ त्याची बायको दारात उभी होती, शेजारपाजारच्या देखत. काही सापडलं नाही. सापडणार कुठून? ते तर परतीच्या गाडीत माझ्या खिशात होतं. पारोळ्याच्या अलीकडे मी ते दातांनी मोडलं आणि खिडकीबाहेर टाकलं.

त्याला मारलं का? मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

संध्याकाळी त्याला सोडून दिलं. गुन्हा नोंदला गेला नाही, पुढे काही झालं नाही. त्या रात्री मी स्वतःची समजूत घातली — बघ, सुटला ना? काय बिघडलं? पण पुढच्या बाजाराला सगळ्यांना सगळं माहीत होतं. बाजारात बातमीला फोन लागत नाही. रुमालाखाली चोरी! असं आमच्या धंद्यात कोणी ऐकलं नव्हतं. भिकन आला, नेहमीसारखा रामराम केला, लोकांनीही केला. चहा दिला. त्याच्याशी बोलले, पावसाचं बोलले, पोरांचं विचारलं. आणि त्याने सौद्यासाठी हात पुढे केला की ज्याला त्याला काहीतरी आठवायचं. कोणाला गिऱ्हाईक दिसायचं, कोणाला बिडी आणायची असायची.

असे तीनचार बाजार गेले. तो येत राहिला. मी त्याच्यापासून लांब उभा राहायचो, पण नजर तिकडेच. रागाने बघत होतो, विश्वास ठेवाल का? माझ्याकडे येऊन भांडत का नाही, याचा राग. शिवी दिली असती तर मी दोन दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. भांडण मला जमतं.

मग तो आला. टपरीजवळ मी उभा होतो, दहा-पंधरा माणसं होती, आणि बाजारातले सर्वांत जुने दलाल सुपडूनाना बाकावर बसले होते. भिकन माझ्यासमोर येऊन थांबला. खांद्यावरचा रुमाल काढला, स्वतःच्या उजव्या हातावर टाकला आणि हात पुढे केला. सौदा कसलाच नव्हता. ट्रॅक्टर नव्हता, गिऱ्हाईक नव्हतं. नुसता हात.

"दे हात, लोटनभाऊ."

आवाज नेहमीचाच होता. त्याने मला चोर म्हटलं नाही, खोटारडा म्हटलं नाही. तो किती विचार करून आला होता हे मला तेव्हाच कळलं. मी हात दिला असता तर एक शब्द न बोलता सगळं मिटलं असतं. ज्याने आळ घेतला त्यानेच हात दिला — बाजाराला आणखी काय हवं होतं? मला कबूलही करायची गरज नव्हती. त्याने माझी अब्रू राखून स्वतःची परत मागितली होती. इतका स्वस्त सौदा मला आयुष्यात कोणी दिला नाही.

सगळे आमच्याकडे वळले. टपरीवाल्याने स्टोव्हची हवा सोडली होती की काय, त्याचा आवाज बंद झाला.

सुपडूनाना बाकावरून म्हणाले, "काय रे लोटन? तू तं दे."

माझा हात उठला होता. खरंच उठला होता — कमरेपर्यंत. आणि मनात आलं, हात दिला म्हणजे पोच खोटी होती हे इथेच ठरलं. म्हणजे मी हरलो. तेही याच्यापुढे. ज्याच्याकडे माझी माणसं न बोलावता जातात, त्याच्यापुढे.

उठलेल्या हाताने मी खिशातला फोन काढला. वाजला नव्हता. कानाला लावला आणि मोठ्याने बोलायला लागलो — हां, बोला, हां, येतो, किती म्हणता — असं बोलत बोलत माणसांमधून बाहेर पडलो. कोणाशीच बोलत नव्हतो.

रस्त्यापर्यंत गेल्यावर वळून बघितलं. तो तसाच उभा होता, हात पुढे, रुमाल टाकलेला. मग त्याने रुमाल उचलला, झटकला, चार घड्या घातल्या आणि खांद्यावर न टाकता बगलेत धरला. पुन्हा तो बाजारात आला नाही.

पुढे तो एका पिठाच्या गिरणीवर कामाला लागला, असं ऐकलं. ती एरंडोलकडची पार्टी माझ्याकडे परत आली. मी त्यांचे बरेच ट्रॅक्टर काढून दिले. घर बांधलं. गाडी घेतली. कोणी कधी विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. सुपडूनाना होते तोवर माझ्याशी बोलत राहिले, फक्त त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी लोटन म्हणून हाक मारली नाही. शेठ म्हणायचे.

भिकनने कार्ड घेतलं नव्हतं. ते माझ्याकडे होतं, आणि तो बाकावर बसलेला असतानाच मला ते कळलं होतं. हे मी तुम्हाला सांगितलं. ज्याला सांगायचं तो अजून देवपूरलाच राहतो. त्याच दोन खोल्या. पांझरेच्या पुलावरून मी आठवड्यातून दोनदा तरी जातो, मुलीचं घर तिकडे आहे. त्याची गल्ली डाव्या हाताला लागते. ड्रायव्हरला ठाऊक नाही, म्हणून तो तिथे गाडी हळू करत नाही. मीही त्याला कधी सांगितलं नाही.